जुन्या दूरचित्रवाणी संचांतील उच्चदाब दोषनिदान : एका कौशल्याचा इतिहास

प्रस्तावना

दिल्लीतील १५ सप्टेंबर १९५९ चे प्रायोगिक प्रक्षेपण, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई केंद्र आणि १९८२ मधील रंगीत प्रक्षेपण हे भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वपरिचित टप्पे होत. घरोघरी पोहोचलेला संच चालू ठेवणाऱ्या कारागिराच्या ज्ञानाची मात्र या इतिहासात फारशी दखल घेतली गेलेली नाही. प्रस्तुत लेखात या ज्ञानाच्या एका अंगाचा, म्हणजे उच्चदाब विभागातील दोषनिदानाचा, मागोवा घेतला आहे.

उच्चदाबाची निर्मिती

पिक्चर ट्यूबमधील इलेक्ट्रॉन पडद्याकडे खेचण्यासाठी कृष्णधवल संचात साधारणतः १० ते १८ हजार, तर रंगीत संचात २० हजारांहून अधिक व्होल्ट दाब लागे. आपल्याकडील ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा आखल्या जात. प्रत्येक रेषेच्या अखेरीस निर्माण होणारा विद्युत्स्पंद लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच दुकानातील भाषेत 'एलओटी', अनेक पटींनी वाढवीत असे. दुरुस्तीत हा भाग महाग पडे. त्यामुळे निदान चुकल्यास ग्राहकाला नाहक भुर्दंड बसे.

निदानाची पद्धती

निदानाचा आरंभ लक्षणांपासून होई. आवाज येतो पण पडदा काळा आहे, असे आढळल्यास कारागीर पडद्याजवळ हात नेई. हातावरील केस उभे राहिले तर उच्चदाब अस्तित्वात आहे, हे उपकरणाविना कळे. प्रकाश वाढविताच चित्र फुगून अंधूक होत असेल, तर एकदिशीकारक दुबळा झाल्याचा संशय घेतला जाई. पावसाळ्यात ॲनोडच्या रबरी टोपीभोवती ओल व धूळ साचून होणारी सळसळ, ओझोनचा उग्र वास आणि अंधारात दिसणारी निळसर ठिणगी यांवरून गळतीची जागा सापडे.

आउटपुट ट्रान्झिस्टर पुनःपुन्हा जळत असल्यास एलओटीचे वेढे आतून जुळल्याची शंका येई. असा दोष साध्या मल्टीमीटरला सापडत नाही, कारण एकदोन वेढ्यांमुळे रोधात पडणारा फरक नगण्य असतो. म्हणून 'रिंग टेस्ट' केली जाई. वेटोळ्यास स्पंद दिल्यावर आंदोलने लगेच विरली, तर वेढे जुळलेले आहेत असा निष्कर्ष निघे.

धोका आणि जबाबदारी

संच बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये विद्युत्भार साठून राहतो. तो प्रथम सुरक्षितपणे उतरविणे हा दुरुस्तीचा पहिला नियम होता. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी ओढून उच्चदाब तपासण्याची रूढ पद्धत जिवावर बेतणारी तर होतीच, शिवाय तिच्यामुळे चांगले भागही निकामी होत. उच्चदाब वाजवीपेक्षा वाढणे हाही एक दोषच होता. रेषा-परतीच्या काळाशी निगडित कपॅसिटर उघडा पडल्यास दाब धोकादायक पातळीवर जाई. अमेरिकेत १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांतून अतिरिक्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर १९६८ मध्ये तेथे इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या किरणोत्सर्जनावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. संचात मूळ मूल्याचाच कपॅसिटर बसविण्याचा आग्रह म्हणूनच महत्त्वाचा होता.

तंत्रबदल आणि ज्ञान

आरंभी एकदिशीकारक व्हॉल्व्ह स्वतंत्र असे. पुढे घनावस्था 'स्टिक' आली. नंतरच्या रंगीत संचांत डायोड थेट एलओटीच्या राळेत बंदिस्त झाले. पूर्वी सुटा काढून तपासता येणारा भाग आता दिसेनासा झाला. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणीची जागा अनुमानाने घेतली आणि दुरुस्ती हळूहळू अदलाबदलीकडे झुकली.

समारोप

या निदानात निरीक्षण, तर्क आणि पडताळणी हा शास्त्रीय क्रम स्पष्ट दिसतो. तथापि हे ज्ञान बहुतांशी उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेले. आज पिक्चर ट्यूबचे संच घरांतून जवळजवळ नाहीसे झाले असून दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग भू-प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद झाले. त्या पिढीतील कारागीर आता वयोवृद्ध होत आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी मिळून आपापल्या गावातील अशा कारागिरांच्या मुलाखती, त्यांची अवजारे आणि त्यांच्या वह्या जतन करणे निकडीचे आहे. अन्यथा संच संग्रहालयात राहील, परंतु तो चालू ठेवणारी बुद्धी इतिहासातून निसटून जाईल.