तेरा चिन्हांचं नाव

उत्तर कॅलिफोर्नियात १९६८-६९ साली खून करत फिरणाऱ्या आणि स्वतःला 'झोडियाक' म्हणवणाऱ्या माणसानं वर्तमानपत्रांना चार कूटसंदेश पाठवले. पहिला ४०८ चिन्हांचा, दुसरा ३४०, तिसरा १३ आणि चौथा ३२ चिन्हांचा. पहिले दोन सुटले, आणि दोन्ही वेळा सोडवणारे हौशी लोक होते. उरलेले दोन अर्धशतकाहून अधिक काळ तसेच पडून आहेत. म्हणजे मोठी गणितं सुटली आणि छोटी राहिली. तेरा चिन्हं! वर्तमानपत्रातलं शब्दकोडं याहून मोठं असतं. तरीही ती सुटत नाहीत, आणि त्यामागचं कारण एकदा कळलं की घरबसल्या जुने खून उकलायला निघालेल्यांना कुठे यश येतं आणि ते कुठे घसरतात, हेही बरंचसं कळतं.

आधी थोडक्यात घटनाक्रम. २० डिसेंबर १९६८च्या रात्री बेनिशिया गावाजवळच्या लेक हर्मन रोडवर गाडी लावून बसलेली दोन शाळकरी मुलं मारली गेली. मुलगी सोळा वर्षांची, मुलगा सतरा. ४ जुलै १९६९ला व्हॅलेहो शहराच्या कडेला एका जोडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. बावीस वर्षांची तरुणी गेली, तिच्यासोबतचा तरुण वाचला. २७ सप्टेंबरला बेरिएसा तलावाच्या काठी कॉलेजातल्या दोघांवर चाकूहल्ला झाला. त्यातली मुलगी दोन दिवसांनी गेली. ११ ऑक्टोबरला खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत पॉल स्टाइन या टॅक्सीचालकाचा खून झाला आणि त्याच्या शर्टाचा रक्ताळलेला तुकडा पत्रासोबत 'क्रॉनिकल'च्या कचेरीत पोचला. पाच मृत, दोन जखमी. पुढच्या पत्रांत खुन्यानं हा आकडा वाढवत नेला, पण पोलिसांनी खात्रीनं त्याच्या नावावर मांडलेले खून हे पाचच.

पहिला कूटसंदेश ३१ जुलै १९६९ला टपालात पडला. त्याचे तीन तुकडे करून 'व्हॅलेहो टाइम्स-हेरल्ड', 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' आणि 'सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर' या तीन दैनिकांना पाठवले होते. पहिल्या पानावर छापा, नाहीतर आणखी माणसं मारीन, अशी धमकी सोबत होती. संदेश छापून आला आणि तो सोडवला सलिनास गावच्या डोनाल्ड आणि बेट्टी हार्डन या जोडप्यानं. डोनाल्ड शाळामास्तर, लहानपणी गुप्तलिपींचा नाद होता, एवढीच त्याची पात्रता. बेट्टीला तर तेवढाही अनुभव नव्हता, पण कळीचा अंदाज तिचाच. असा आत्मप्रौढीनं फुगलेला माणूस 'मी' या शब्दानंच सुरुवात करणार, आणि मजकुरात 'किल' हा शब्द कुठेतरी येणारच, असं तिनं धरलं. इंग्रजीत 'किल'च्या शेवटी एल हे अक्षर जोडीनं येतं. अशा जोड्या शोधत दोघांनी संदेशाचा गुंता सोडवला. त्यात खुनाच्या आनंदाचं वर्णन होतं आणि मेल्यानंतर आपण मारलेली माणसं स्वर्गात आपले गुलाम होतील, ही बडबड होती. नाव मात्र सांगणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

लिपी सोपी नव्हती. इंग्रजीत ई हे अक्षर सर्वांत जास्त वेळा येतं, त्यामुळे एका अक्षराला एकच चिन्ह दिलं तर ई लगेच पकडता येतो. झोडियाकनं ई साठी सात वेगवेगळी चिन्हं वापरली होती. तरीही कागद आणि पेन्सिलीनं ती आठवड्याभरात फुटली. बहुधा हेच त्याला झोंबलं असावं. ८ नोव्हेंबर १९६९ला 'क्रॉनिकल'ला पाठवलेला दुसरा संदेश, सतरा स्तंभ आणि वीस ओळी, एकूण ३४० चिन्हांचा, सुटायला ५१ वर्षं लागली.

या ५१ वर्षांत त्याची 'उत्तरं' मात्र भरपूर आली. 'क्रॉनिकल'मध्ये व्यंगचित्रकार असलेल्या रॉबर्ट ग्रेस्मिथनं या प्रकरणावर १९८६ साली पुस्तक लिहिलं (त्यावरूनच डेव्हिड फिंचरचा २००७चा चित्रपट निघाला). त्यातही एक उकल होती. जाणकारांनी ती मानली नाही. बहुतेक उकलींची रीत एकच. थोडी अक्षरं जुळवायची. पुढे अडलं की खुन्याचं शुद्धलेखन कच्चं होतं म्हणायचं. आणखी अडलं की अक्षरं मागेपुढे करायची मुभा घ्यायची. अशा सवलती घेत गेलं तर कोणत्याही मजकुरातून हवं ते वाक्य निघतं.

खरी उकल डिसेंबर २०२०मध्ये झाली. अमेरिकेतला सॉफ्टवेअर डेव्हलपर डेव्हिड ओरँचॅक, ऑस्ट्रेलियातला गणितज्ञ सॅम ब्लेक आणि बेल्जियममध्ये गोदामात काम करणारा, स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅमिंग शिकलेला यार्ल व्हान आयका, असे तिघे. ओरँचॅक २००६पासून या संदेशाच्या मागे होता. व्हान आयकानं गुप्तलिपी फोडणारं सॉफ्टवेअर लिहून ते सगळ्यांना खुलं केलं होतं.

हे सॉफ्टवेअर काय करतं, ते मराठीच्या उदाहरणानं सांगता येईल. अनोळखी चिन्हांत लिहिलेला मराठी मजकूर तुमच्यापुढे आहे असं समजा. तुम्ही प्रत्येक चिन्हाला अंदाजानं एक अक्षर देता. येणारा मजकूर मराठीसारखा दिसतो का, 'आहे', 'आणि', 'होता' असे तुकडे त्यात पडतात का, यावरून त्याला गुण देता. मग एका चिन्हाचं अक्षर बदलून पाहता. गुण वाढले तर बदल ठेवायचा, नाहीतर सहसा सोडून द्यायचा. संगणक हेच लाखो वेळा करतो. पण ३४०च्या संदेशावर ही युक्ती चालत नव्हती, कारण त्यातली अक्षरं नुसती बदललेली नव्हती, त्यांचा क्रमही फिरवलेला होता. च-ची भाषा बोललेल्या कोणालाही यातली गोम कळेल: नियम माहीत नसेल तर ओळखीचे आवाजसुद्धा परके वाटतात.

तो क्रम कसा फिरवला असेल याचा एक धागा हौशी मंडळींना आधीच सापडला होता. ओळीत लागून येणारी चिन्हं पाहण्याऐवजी दर एकोणिसावं चिन्ह पाहिलं तर तीच ती जोडी जरा जास्तच वेळा परत येत होती. एकोणीस म्हणजे सतरा अधिक दोन. सतरा स्तंभांच्या चौकटीत एकोणीस घरं पुढे जाणं म्हणजे एक ओळ खाली उतरून दोन घरं उजवीकडे सरकणं. बुद्धिबळातल्या घोड्याची अडीच घरांची चाल! मात्र सगळ्या वीस ओळींवर ही चाल एका दमात लावली तर काही हाती लागत नव्हतं. ब्लेकनं वाचनाचे सुमारे साडेसहा लाख वेगवेगळे क्रम तयार केले आणि ते सॉफ्टवेअरमधून काढले गेले. ३ डिसेंबरला त्यातल्या एका निकालात ओरँचॅकला अर्थपूर्ण तुकडे दिसले: कोणीतरी आपल्याला पकडण्याचा प्रयत्न करतंय असा उल्लेख, आणि गॅस चेंबरचा उल्लेख. त्या क्रमात संदेशाचे तीन भाग केले होते: नऊ ओळी, नऊ ओळी आणि दोन ओळी. पहिला भाग घोड्याच्या चालीनं वाचला की सरळ उलगडत गेला. दुसऱ्या भागात मजकूर मध्येच बिघडत होता, कारण संदेश उतरवताना खुन्याकडूनच चूक झाली होती. ती व्हान आयकानं शोधली. शेवटच्या दोन ओळींत काही शब्द उलटे लिहिले होते. ११ डिसेंबरला एफबीआयनं ही उकल बरोबर असल्याचं जाहीर केलं.

संदेशात काय होतं? मला पकडायच्या खटपटीत तुमची मजा चालली असेल. टीव्हीवर बोलला तो मी नव्हे. मला गॅस चेंबरची भीती नाही. आणि पुन्हा तेच स्वर्गातले गुलाम. नाव नाही, पत्ता नाही. टीव्हीच्या उल्लेखाला मात्र संदर्भ आहे. २२ ऑक्टोबर १९६९ला जिम डनबार याच्या कार्यक्रमात मेल्विन बेली हा नामांकित वकील बसला असताना, आपण झोडियाक असल्याचं सांगणाऱ्या एका माणसानं फोन केला होता. आपल्याला गॅस चेंबर नको, असं तो रडवेल्या सुरात म्हणाला होता. खुन्यानं अडीच आठवड्यांनी त्याला दिलेलं उत्तर वाचायला जगाला ५१ वर्षं लागली.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात उत्तर शोधणं ही एक गोष्ट आणि उत्तर तपासणं ही दुसरी. काही प्रश्न सोडवायला महाकठीण असतात, पण उत्तर समोर आलं की ते बरोबर आहे का हे पटकन कळतं. ३४०चा संदेश या जातीचा. एकच किल्ली, म्हणजे कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर याचा एकच तक्ता, ठरलेल्या क्रमानं लावला की साडेतीनशेच्या आसपास चिन्हांतून सलग, व्याकरणात बसणारं इंग्रजी निघतं. त्या आठवड्यांतल्या घटनेशी ते जुळतं. 'पॅराडाइस' या शब्दाचं स्पेलिंग पहिल्या संदेशात जसं चुकलं होतं, तसंच इथेही चुकलंय. यापुढे ओरँचॅकवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही; ज्याला शंका असेल त्यानं चौकट घेऊन बसावं.

आता तेरा चिन्हांकडे येऊ. २० एप्रिल १९७०च्या पत्रात 'माझं नाव आहे' असं लिहून पुढे ती तेरा चिन्हं काढलेली आहेत. त्यांत वेगळी चिन्हं आठ. प्रत्येक चिन्हाचा अर्थ सव्वीसपैकी कोणतंही अक्षर असू शकतो असं धरलं, तर शक्यता होतात सुमारे २१ हजार कोटी. त्यातल्या बहुतेक निरर्थक असतील, पण नावासारख्या दिसणाऱ्या ओळीही थोड्याथोडक्या निघणार नाहीत. क्लॉड शॅननं १९४९च्या निबंधात नेमका हाच हिशेब मांडला होता. मजकूर एका मर्यादेपेक्षा छोटा असेल तर त्याला बसणाऱ्या किल्ल्या अनेक असतात, आणि त्यातली खरी कोणती हे ठरवायचा मार्गच नसतो. एका अक्षराला एकच चिन्ह अशा साध्या लिपीसाठी, वाक्यं इंग्रजी आहेत असं धरून, ही मर्यादा पंचवीस-तीस अक्षरांची येते. इथे तर तेराच चिन्हं, आणि तीही नावाची. नावाला व्याकरण नसतं. जून १९७०च्या पत्रातला ३२ चिन्हांचा संदेश बॉम्ब कुठे पुरलाय हे सांगणार होता. त्यातली २९ चिन्हं वेगवेगळी आहेत. म्हणजे ३२ अक्षरांचं जवळपास कोणतंही वाक्य त्यात बसवता येईल. महासंगणक आणला तरी यात फरक पडत नाही, कारण अडचण वेगाची नसून माहितीची आहे.

नेमक्या याच तेरा चिन्हांवर सगळ्यांची झुंबड आहे, कारण तिथे नाव मिळतं. २०२१मध्ये फ्रान्समधल्या एका अभियंत्यानं ३४०ची किल्ली छोट्या संदेशांना लावून, वर स्वतःच्या आणखी काही पायऱ्या जोडून, एका जुन्या संशयिताचं नाव काढलं. बातम्या झाल्या, जाणकार साशंकच राहिले. २०१४मध्ये एका गृहस्थानं आपले वडीलच झोडियाक होते असं सांगणारं पुस्तक लिहिलं. ज्याच्यावर सर्वाधिक बोटं रोखली गेली तो माणूस १९९२मध्ये वारला. २००२मध्ये एका पत्राच्या तिकिटावरून मिळालेल्या अपुऱ्या डीएनएशी त्याचा डीएनए ताडून पाहिला, तो जुळला नाही. तरीही लोक त्याचं नाव सोडायला तयार नाहीत.

यात पणाला काय लागतं? कूटसंदेशाची चुकीची उकल निघाली तर चार लोक हसतात आणि विषय संपतो. चुकीचं नाव निघालं तर ते कोणाच्या तरी आजोबांचं असतं. संशयित मेलेला असल्यामुळे तो उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याच्या मुला-नातवंडांना घडलेलं नाही ते सिद्ध करून दाखवावं लागतं. पाच मृतांच्या घरच्यांच्या दारातही दर वेळी एक नवा खुनी आणून उभा केला जातो. पन्नास वर्षांत त्यांनी असे किती 'खुनी' पाहिले असतील!

यावरून हौशी लोकांनी यात पडूच नये, असा निष्कर्ष मी काढणार नाही. हार्डन जोडपंही हौशी होतं आणि ओरँचॅकही. त्यांच्या हाती दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पूर्ण पुरावा: वर्तमानपत्रात छापलेला संदेश पोलिसांकडे होता तसाच, चिन्हान् चिन्ह, सलिनासच्या शाळामास्तराकडेही होता. दुसरी म्हणजे चूक दाखवून देणारी कसोटी. नाव शोधणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं. ठसे, जबान्या, डीएनएचे नमुने हे चार वेगवेगळ्या हद्दींतल्या पोलिसांच्या कपाटांत आहेत. बाहेरच्याला त्यातलं फुटेल तेवढंच दिसतं, आणि आपला अंदाज चुकला हे सांगणारं कोणी समोर नसतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी 'झोडियाक सापडला' म्हणालं की त्याला एवढंच विचारावं: तुमच्या याच पद्धतीनं दुसरं एखादं नाव काढता येतं का? ३४०च्या संदेशाबाबत या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं येतं. तेरा चिन्हांबाबत ते 'हो, पाहिजे तेवढी' असं येतं. व्हॅलेहो, नापा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या दप्तरांत ही प्रकरणं अजून बंद झालेली नाहीत, आणि खुन्याच्या नावाची जागाही तिथे अजून रिकामीच आहे.