हमीदा बानू : आखाड्यातून कल्याणच्या दूधधंद्यापर्यंत

१/
कल्याणहून सह्याद्रीकडे दोन वाटा जातात. एक मुरबाडवरून माळशेज घाटाकडे, दुसरी शहापूरवरून कसाऱ्याकडे. या दोन्ही तालुक्यांतील गावांची कल्याण ही जुनी बाजारपेठ. याच कल्याणात एक स्त्री दूध विकून आणि हाती पैसा उरला नाही तेव्हा रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून उत्तरायुष्य काढत होती. १९५४ साली तिच्या कुस्तीची बातमी असोसिएटेड प्रेस या परदेशी वृत्तसंस्थेने दिली होती. तिचे नाव हमीदा बानू. भारतातील पहिली व्यावसायिक स्त्री-पहिलवान म्हणून आज तिचा उल्लेख होतो. तिच्या कारकिर्दीचा हा थ्रेड.

२/
प्रथम आखाड्याची रीत. महाराष्ट्रातील गावोगावच्या जत्रांप्रमाणे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही जत्रेचा फड ही ओळखीची गोष्ट. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, आणि उन्हे कलल्यावर मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. हलगी कडाडते, पंच हात वर करतो. निकाली कुस्तीचा नियम एकच : प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे. तालमीत मारुती, हौद्यात लाल माती, आणि त्या मातीवर स्त्रीचे पाऊल पडू नये हा अलिखित दंडक. हमीदाबानूंनी काय केले याचे मोल या दंडकाच्या पार्श्वभूमीवरच कळते.

३/
स्वातंत्र्यापूर्वी पहिलवानाचे पोट संस्थानिकांच्या आश्रयावर चाले. दूध, तूप, बदाम, वस्तादाचे मानधन हा सारा खर्च दरबार उचले. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभारले. पतियाळाच्या महाराजांचे पहिलवान देशभर गाजत. बडोद्यात गायकवाडांच्या राज्यात जुम्मादादांच्या आखाड्याची आणि प्रा. माणिकरावांची परंपरा होती. १९१० मध्ये लंडनला जाऊन झिबिस्कोशी झुंजणारा गामा याच आश्रयव्यवस्थेत वाढला.

४/
१९४७ ते १९४९ या काळात ही व्यवस्था कोसळली. फाळणीने कुस्तीची घराणीही फोडली. गामा आणि त्याचा पुतण्या भोलू पाकिस्तानात राहिले. इकडे संस्थाने विलीन झाली. १९४९ साली कोल्हापूर आणि बडोदा ही दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात आली. दरबार गेले आणि मल्लांसमोर प्रश्न उभा राहिला : आता खुराकाचा खर्च कोण करणार?

५/
उत्तर मिळाले ते तिकीटबारीवर. मोठ्या शहरांत ठेकेदार दंगली भरवू लागले. भित्तीपत्रके, वर्तमानपत्रांतील आव्हाने, परदेशी मल्लांची भडक टोपणनावे या सर्वांनी स्टेडियम भरू लागले. इनामाच्या कुस्तीचा धंदा झाला. त्यासोबत एक जुना संशयही बळावला. ठेकेदाराला गर्दी हवी, गर्दीला नाट्य हवे. मग निकाल आधीच ठरलेला नसेल कशावरून? कुस्तीच्या भाषेत याला नाव आहे : नुरा कुस्ती. हमीदाबानूंची सारी कारकीर्द या संशयाच्या सावलीत घडली.

६/
त्या मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. तिथे मुलीला कुस्ती शिकवायला कोणी तयार होईना, तेव्हा त्या अलीगढला आल्या आणि सलाम पहिलवानांकडे तालीम घेऊ लागल्या. पुढे वृत्तपत्रांनी त्यांना ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ म्हटले. ग्रीक पुराणकथांतील लढवय्या स्त्रियांवरून दिलेले हे नाव. स्त्रियांच्या कुस्तीला तेव्हा ना संघटना होती ना स्पर्धा. त्यामुळे त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून बहुतांशी पुरुषच होते.

७/
१९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची लढत ठरली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’च्या बातमीनुसार सुमारे २०,००० प्रेक्षक स्टेडियममध्ये जमले होते. ऐन वेळी कुस्ती रद्द झाली. गुंगाच्या बाजूने अधिक पैसे आणि तयारीसाठी अधिक वेळ अशा मागण्या आल्या आणि बोलणी फिसकटली. चिडलेल्या जमावाने स्टेडियमची मोडतोड केली. एका स्त्रीची कुस्ती पाहण्यासाठी इतके लोक पैसे मोजतात, ही गोष्ट ठेकेदारांच्या ध्यानात राहिली नसती तरच नवल.

८/
फेब्रुवारी १९५४. तिशी ओलांडलेल्या हमीदाबानूंचे एक आव्हान वृत्तपत्रांत छापून आले : जो पुरुष कुस्तीत हरवील, त्याच्याशी लग्न करीन. प्रसिद्धीची ही युक्ती जुन्या स्वयंवरकथांची आठवण करून देणारी होती. त्यानंतर पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक अशा दोन मल्लांना त्यांनी हरवल्याच्या बातम्या आल्या. तोवर तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता.

९/
मे महिन्याच्या आरंभी त्या बडोद्यात पोहोचल्या. वाहनांवर फलक लावून शहरभर कुस्तीची जाहिरात झाली. समोर येणार होता छोटे गामा, बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयातील मल्ल. स्त्रीशी लढणार नाही असे सांगून त्याने आयत्या वेळी माघार घेतली. त्याच्या जागी बाबा पहिलवान उतरला. १ मिनिट ३४ सेकंदांत हमीदाबानूंनी त्याला चितपट केले. हीच ती असोसिएटेड प्रेसची बातमी. ही आपली शेवटची कुस्ती, असे बाबा पहिलवानाने तिथेच जाहीर केले.

१०/
वृत्तपत्रांना त्यांच्या डावपेचांपेक्षा शरीराचे कुतूहल अधिक होते. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो, रोज सहा तास मेहनत, नऊ तास झोप. खुराकाची यादी तर चवीने छापली जाई : साडेपाच लिटरहून अधिक दूध, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, जवळपास किलोभर मटण, एक कोंबडी, बदाम, बिर्याणीच्या दोन थाळ्या. पुरुष मल्लाचा असा खुराक कौतुकाचा विषय होई. हमीदाबानूंचा खुराक नवलाचा झाला. त्या ढाक मारत की कलाजंग, याची नोंद मात्र कोणी तपशिलाने ठेवली नाही.

११/
त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या स्त्री-मल्लाशी त्यांची लढत झाली. रशियाची ‘अस्वलीण’ अशी तिची जाहिरात होती. ही कुस्ती एक मिनिटही टिकली नाही. हमीदाबानू जिंकल्या, आणि आता युरोपात जाऊन तिथल्या मल्लांशी लढणार असल्याचे त्यांनी जाहीर केले. कारकिर्दीचा हा कळस म्हणावा लागेल.

१२/
विरोधही तितकाच तीव्र होता. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाशी त्यांची कुस्ती ठरली होती. राष्ट्रीय तालीम संघाने हरकत घेतल्याने ती रद्द करावी लागली. दुसऱ्या एका प्रसंगी पुरुष मल्लाला हरवल्यावर जमावाने त्यांची हुर्यो उडवली, दगडफेक केली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. हरलेला पुरुष मैदानातून सुखरूप गेला. संरक्षणाची गरज जिंकलेल्या स्त्रीला पडली.

१३/
बंदीविरुद्ध हमीदाबानूंनी थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले ते असे : त्या स्त्री आहेत म्हणून कुस्त्यांवर बंदी नाही, ठेकेदार त्यांच्यासमोर नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून आहे. म्हणजे सरकारच्या मते प्रश्न लिंगाचा नव्हता, नुरा कुस्तीचा होता.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून पुरावा तपासायला हवा. संशय अगदीच निराधार नव्हता. दिल्लीच्या लोकजीवनाविषयी लिहिणारे महेश्वर दयाल यांनी १९८७ च्या पुस्तकात दोन्ही बाजू नोंदवल्या आहेत : हमीदाबानू पुरुष मल्लांसारख्याच लढत, पण काहींच्या मते आतून समझोता होऊन समोरचा मल्ल मुद्दाम हरे. ९४ सेकंदांची कुस्ती दोन्ही तर्कांना पुरते. ताकदीचा फरक असेल तर कुस्ती लवकर संपते, आणि निकाल ठरलेला असेल तरीही लवकर संपते.

१५/
मात्र याच पुराव्याची दुसरी बाजू पाहा. गुंगाने अधिक पैसे आणि वेळ मागितला. छोटे गामाने स्त्रीशी लढणे नाकारले. पुण्यातील कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे झालीच नाही. तिची ताकद खरी की खोटी, याचा निकाल लावण्याचा एकच मार्ग होता : नावाजलेला मल्ल समोर उतरवून कुस्ती लावणे. तो मार्ग वारंवार बंद होत गेला. ज्या कुस्त्या झाल्या त्यांवर संशय घेतला गेला, आणि ज्यांनी संशय मिटला असता त्या होऊ शकल्या नाहीत.

१६/
शिवाय निकालाविषयीचा संशय एकट्या हमीदाबानूंवर नव्हता. तिकिटाच्या साऱ्या फ्री-स्टाइल दंगलींविषयी तशी कुजबुज असे. त्याच दशकात दारा सिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना मुंबई लोटत होती. दारा सिंग पुढे चित्रपटांत आले, घरोघरी पोहोचले आणि २००३ मध्ये राज्यसभेचे सदस्य झाले. धंदा तोच, प्रेक्षक तेच. पुरुष मल्लाच्या वाट्याला त्या संशयानंतरही कीर्ती आली. हमीदाबानूंना मात्र बंदीच्या कारणासाठी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहावे लागले.

१७/
युरोपचा प्रवास घडलाच नाही. यापुढची हकिकत वृत्तपत्रांत नाही. ती कुटुंबीयांच्या आणि शेजाऱ्यांच्या आठवणींत आहे. त्यांच्या नातवाने सांगितल्याप्रमाणे सलाम पहिलवानांना युरोपला जाण्याचा बेत मान्य नव्हता. त्यांनी हमीदाबानूंना मारहाण केली, त्यात त्यांचे हात मोडले. एका शेजाऱ्याच्या आठवणीनुसार पायही मोडले होते आणि त्या पुढे कित्येक वर्षे काठीच्या आधाराने चालत. आखाड्यात ज्यांची पाठ मातीला लागली नाही असे म्हटले जाई, त्यांची कारकीर्द घरात संपली.

१८/
अलीगढ, मुंबई आणि कल्याण अशी या दोघांची ये-जा असे. कल्याणात त्यांचा दुधाचा धंदा होता. पुढे सलाम पहिलवान अलीगढला परतले. हमीदाबानू कल्याणातच राहिल्या. त्या काळचे कल्याण विस्थापितांच्या शेजारी वसलेले गाव होते. लष्कराच्या जुन्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. हमीदाबानू निर्वासित नव्हत्या, पण मिर्झापूर आणि अलीगढ मागे टाकून आलेल्या होत्या. पूर्वायुष्य दूर कुठेतरी राहून गेलेल्या हजारो माणसांत आणखी एका स्त्रीचे पूर्वायुष्य झाकले जाणे अवघड नव्हते.

१९/
दूध विकणे, काही खोल्या भाड्याने देणे, आणि तेही पुरेनासे झाले तेव्हा रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकणे असा त्यांचा अखेरचा काळ गेला. १९८६ साली त्यांचे निधन झाले. तेव्हा आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धांत स्त्रियांचा प्रवेश कुठे सुरू होत होता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती आली ती २००४ मध्ये, अथेन्सला. ४ मे २०२४ रोजी गूगलने हमीदाबानूंचे डूडल झळकवले आणि बडोद्याच्या कुस्तीनंतर सत्तर वर्षांनी नव्या पिढीने हे नाव प्रथमच ऐकले.

२०/
शेवटी एक नोंद. महाराष्ट्र केसरीची परंपरा १९६१ पासूनची. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मात्र मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती वैष्णवी पाटील, कल्याणची. पंच होते, गुणफलक होता, आणि समोर उभी राहणारी प्रतिस्पर्धी मागे हटली नाही. हमीदाबानूंना कारकिर्दीत क्वचितच लाभलेल्या या तीनही गोष्टी त्यांच्याच गावच्या मुलीला मिळाल्या.

#इतिहास #कुस्ती #कल्याण #ठाणे_जिल्हा