मत्स्यविनोद आणि गळाची काठी

नरसी नामदेव हे गाव आपण संत नामदेवांच्या नावाने ओळखतो. परंपरेनुसार त्यांचा जन्म 1270 मधला. हिंगोली जिल्ह्यातले हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे आणि कयाधू पुढे पैनगंगेला मिळते. नामदेवांच्या काळातील वाङ्मय शिकवताना एक प्रश्न आम्हाला वारंवार पडत आला आहे. संतवाङ्मयात मासा पदोपदी भेटतो. मग मासा धरणारा कुठे आहे?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. वारकरी संतांनी आपापला व्यवसाय अभंगात आणला. नामदेवांकडे शिंप्याची सुई आणि दोरा आहे, सावता माळ्याकडे मळा आहे, गोरा कुंभाराकडे मडके, सेना न्हाव्याकडे आरसा. गळ मात्र येतो तो दुसऱ्याच बाजूने. ज्ञानेश्वरीत विषयांच्या मोहात सापडलेल्या जीवासाठी आमिष आणि गळ यांची उपमा आहे. तिथे कवीची सहानुभूती माशाकडे आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण काठी कोणाच्या हातात होती, ती कशाची होती आणि का निवडली होती, हे सांगण्याचे त्या उपमेला कारण नाही. काठीचा इतिहास शोधायचा तर मराठी ग्रंथांच्या बाहेर जावे लागते. मौज अशी की तो शोध ज्या पहिल्या मुक्कामी पोचतो, तो मराठीच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचित आहे.

तो मुक्काम म्हणजे ‘मानसोल्लास’, अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ शके 1051, म्हणजे इ.स. 1129 च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठवाड्याच्या बऱ्याच भागावर त्या काळी याच घराण्याची सत्ता होती. मराठीच्या प्रारंभकाळाचा अभ्यास करणाऱ्यास हा ग्रंथ आठवतो तो त्यातील गीतविषयक प्रकरणात आलेल्या मराठी पद्यामुळे. ते पद्य विष्णूच्या मत्स्यावताराचे आहे; रसातळातून वेद वर आणणारा मासा त्यात स्तुतीचा विषय आहे. परीक्षेपुरता आपला मानसोल्लास इथेच संपतो.

वास्तविक त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे आणखी एक प्रकरण आहे, आणि ते गळाने मासे धरण्याविषयी आहे. त्यात माशांचे पस्तीसच्या आसपास प्रकार आहेत. गोड्या पाण्यातील आणि समुद्रातील, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असा भेद तिथे केला आहे. कोणत्या माशाला कोणता चारा घालावा, दोरी आणि काठी कशी असावी, याचाही विचार आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहून अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले. एकाच ग्रंथात मासा दोनदा येतो. मराठी पद्यात तो अवतार आहे, संस्कृत प्रकरणात तो शिकार आहे. आपण त्यातला पहिला तेवढा अभ्यासक्रमात घेतला.

‘विनोद’ या शब्दापाशी येथे क्षणभर थांबले पाहिजे. आजच्या मराठीत त्याचा अर्थ हास्याकडे झुकला आहे. सोमेश्वराच्या लेखी तो मन रमवण्याचा प्रकार आहे. राजाला मासा पोटासाठी नको होता. त्याला मासा खेळवायचा होता. काठीची निवड या एका फरकावर अवलंबून असते. पोटासाठी मासा धरणाऱ्याला तो लवकरात लवकर काठावर हवा असतो. गवतात, शेवाळात दबा धरून बसणारी मरळ गळाला लागली, तर तिला सैल सोडण्यात अर्थ नसतो. आखूड, दणकट काठीने ती ओढूनच काढावी लागते. खेळवायचा मासा मात्र लांब पळू द्यावा लागतो, आणि त्याचा हिसका काठीच्या वाकण्यात जिरावा लागतो. काठी दोरीच्या मानाने फार ताठ असेल तर दोरी तुटते. फार लवचीक असेल तर गळ माशाच्या जबड्यात रुतत नाही. उत्तर अमेरिकेत ‘मस्की’ नावाचा मोठा शिकारी मासा आहे. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागणारा, अशी त्याची ख्याती. त्याचा जबडा टणक आणि त्याच्यासाठी वापरायची कृत्रिम आमिषे जड, म्हणून तिथले शौकीन लांब आणि ताठ काठी निवडतात. प्रदेश बदलला तरी तत्त्व तेच राहते: आधी मासा ठरतो, मग काठी.

कल्याणीच्या दरबारानंतर आमचा शोध एकदम एकोणिसाव्या शतकात येतो, कारण दख्खनच्या माशांची तपशीलवार नोंद पुन्हा झाली ती इंग्रजी अमदानीत. कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांनी 1824 ते 1831 या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी केली आणि पुढे येथील माशांवर शोधनिबंध लिहिला. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीराला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिले. ‘कोलस’, ‘पोटेल’, ‘बोगट’, आणि आपल्या ‘नकटा’ शब्दाची आठवण करून देणारा ‘नुक्टा’, ही नावेही त्यांचीच. ही नावे त्यांच्या मनाने घडवलेली नव्हेत. नदीकाठच्या लोकांच्या तोंडी जी होती, ती त्यांनी लॅटिन नामावलीत बसवली. जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ आजही ती उच्चारतात.

हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळूरहून प्रसिद्ध केले. महासीरासाठी काठी, दोरी, गळ कसे निवडावेत हा त्याचा एक मुख्य विषय. याच शतकात बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या घडवण्याची कला पाश्चात्य देशांत बहरली. तिच्या आरंभीच्या काळात ‘कलकत्ता’ नावाने ओळखला जाणारा भारतीय बांबू वापरला जाई. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. बांबू येथला आणि माशांची नावेही येथली. पुस्तक मात्र इंग्रजीत.

तेव्हा काठीविषयी लिहिले ते राजाने आणि अधिकाऱ्याने, म्हणजे ज्यांना मासा मिळाला नाही तरी रात्रीचे जेवण चुकणार नव्हते त्यांनी. ज्यांच्या चुलीचा प्रश्न होता, त्या भोई समाजाचे ज्ञान हातातून हातात आणि तोंडातून तोंडात गेले. ग्रांथिक मराठीने त्यातले वाक्प्रचार उचलले. माणूस ‘गळाला लागतो’, ‘मोठा मासा’ हाती येतो. पण कोणत्या पाण्यात कोणती काठी, हे सांगणारी शब्दसंपदा कोशाच्या उंबरठ्याबाहेर राहिली.

आता त्या शब्दांखालची जमीनच बदलते आहे. धरणांच्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते, आणि नायलॉनचे जाळे काठीपेक्षा कितीतरी अधिक मासळी देते. साधन गेले की त्याचे शब्द एका पिढीत विरतात. मोट गेल्यावर मोटेच्या अवयवांची नावे कशी गेली, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही एक काम ठेवू इच्छितो. मानसोल्लासातील पद्य शिकताना त्याच ग्रंथातील मत्स्यविनोदही वाचावा, आणि मग वही घेऊन कयाधूच्या काठी जावे. तेथील वडीलधाऱ्या भोयांना काठीच्या टोकाला, बुडख्याला, दोरीच्या गाठीला, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला काय म्हणतात ते विचारावे आणि जसेच्या तसे टिपून घ्यावे. साईक्सांनी नावे विचारली, त्याला आता दोनशे वर्षे होत आली. तेच प्रश्न मराठीतून विचारायला सांगणारे अजून आहेत.