विहीर कुणाची, बिल कुणाचं?

गेल्या आठवड्यात एक पोरगा ऑफिसात आला. केमिस्ट्रीत एमएस्सी, वय अठ्ठावीस-तीस. म्हणाला, "दादा, बातमी नकोय. एक विहीर मिळवून द्या."

त्याने ड्रमाएवढं एक यंत्र बनवलंय. आत शेतीच्या कचऱ्यापासून केलेला कोळसा आहे. तो पाण्यातले जड धातू धरून ठेवतो, असं त्याचं म्हणणं. प्रयोगशाळेत जमलंय. त्यासाठी सरकारी अनुदानाचा एक हप्ताही मिळाला. आता सहा महिने खऱ्या खराब विहिरीवर चालवून बघायचंय. पण शेतकरी म्हणतात, आमचं पाणी खराब असं एकदा कागदावर आलं की जमिनीला गिऱ्हाईक येणार नाही. कारखानेवाले म्हणतात, आम्ही थेंबही बाहेर सोडत नाही. म्हणजे एमआयडीसीच्या खालच्या अंगाला अख्ख्या पट्ट्यात लालसर पाणी आहे, पण कागदावर खराब विहीर एकही नाही!

छोट्या माणसाला संशोधनासाठी सरकारने पैसे द्यायचे, ही कल्पना आपली नाही. ती अमेरिकेतून आली. तिथे ती कशी रुजली हे वाचत बसलो, तेव्हा या पोराची अडचण कळली. म्हणून जरा मागे जाऊ.

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. तिथे लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट सोडलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला विकली. पुढे काही झालं तर आमची जबाबदारी नाही, असं कलमही खरेदीखतात होतं. मग त्यावर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. सत्तरच्या दशकात लोकांच्या तळघरांत काळा चिकट द्राव झिरपायला लागला.

हे आधी लावून धरलं ते नायगारा गॅझेट या स्थानिक पेपराने. त्यातला मायकल ब्राऊन हा बातमीदार १९७८ मध्ये घरोघरी फिरून आजारपणं लिहून घेत होता. (मोठे पेपर नंतर आले. ते नेहमी नंतरच येतात.) लुइस गिब्ज नावाच्या गृहिणीने मोहल्ला उभा केला. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि डिसेंबर १९८० मध्ये कायदा आला. त्याला सगळे 'सुपरफंड' म्हणतात. रसायन आणि तेल कंपन्यांवर कर लावून १.६ अब्ज डॉलरचा निधी उभारायचा, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. घाण कायदा येण्याआधीची असली तरी!

पण कायदा आला म्हणून माती साफ होत नाही. सुरुवातीला सफाई म्हणजे काय, तर इथली माती खणायची आणि दुसऱ्या खड्ड्यात नेऊन टाकायची. नाहीतर वरून झाकण घालायचं. १९८६ साली कायदा सुधारला, तेव्हा काँग्रेसने सांगितलं की कायमचा उपाय करणाऱ्या प्रक्रियेला प्राधान्य द्या. नवी तंत्रं प्रत्यक्ष जागेवर तपासायला वेगळा कार्यक्रमही काढला. म्हणजे घाणेरडी जागा आणि नवं यंत्र यांची गाठ सरकारनेच घालून दिली.

दुसरा धागा साधारण त्याच वर्षांतला. नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये रोलंड टिबेट्स नावाचा अधिकारी होता. त्याचं म्हणणं, सरकारी संशोधनाचा पैसा विद्यापीठांना आणि बड्या कंपन्यांनाच जातो, आणि पाच-दहा माणसांच्या कंपनीकडे कल्पना असली तरी तिला दारात कुणी उभं करत नाही. १९७७ च्या सुमारास त्याने टप्प्याटप्प्याने पैसे द्यायची पद्धत सुरू केली. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे आणि सहा महिने, कल्पना चालते का एवढंच बघायचं. चालली तर दुसऱ्या टप्प्यात जास्त पैसे आणि साधारण दोन वर्षं. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा नाही, गिऱ्हाईक शोधा. सरकार कंपनीत हिस्सा मागत नाही, आणि प्रयोग फसला तर पैसे परत मागत नाही. मला यातलं फसण्याचं कलम सगळ्यात आवडलं. आपल्याकडे अनुदान घेऊन प्रयोग फसला तर माणूस चोर ठरतो.

विद्यापीठांनी विरोध केला, कारण वाटा त्यांच्या ताटातून जाणार होता. तरी जुलै १९८२ मध्ये रेगन यांनी सही केली. बाहेर संशोधनासाठी वर्षाला १० कोटी डॉलरवर खर्च करणाऱ्या प्रत्येक खात्याने ठरावीक टक्के छोट्या उद्योगांना द्यायचे. सुरुवात ०.२ टक्क्याने झाली, पुढे ते ३.२ टक्क्यांवर गेले. यात ईपीए, म्हणजे त्यांचं पर्यावरण खातंही आलं. त्याचा वाटा संरक्षण खात्यापुढे चिल्लर, पण माती, पाणी, हवा साफ करणाऱ्या यंत्रांना तिथे दार उघडलं.

एक उदाहरण सांगतो. वॉशिंग्टनमध्ये स्प्रिंग व्हॅली ही श्रीमंतांची वस्ती. पहिल्या महायुद्धात तिथे लष्कराने विषारी वायूंचे प्रयोग केले होते. १९९३ मध्ये चर खणताना जुने तोफगोळे सापडले आणि मग मातीत आर्सेनिकही सापडलं. २००१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की टेरिस व्हिटाटा नावाचं नेचं मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतं. व्हर्जिनियातल्या एडनस्पेस नावाच्या छोट्या कंपनीने त्यावर काम केलं. याच योजनेची अनुदानं तिला मिळालेली होती. स्प्रिंग व्हॅलीत जिथे मोठी झाडं वाचवायची होती, तिथे ही नेची लावली गेली. बाकी बरीचशी माती शेवटी खणूनच काढली, हेही खरं. पण बिल लष्कराच्या अभियंत्यांनी भरलं, कारण जबाबदारी त्यांच्या गळ्यात होती. आणि हे नेचं आपल्याकडे जुन्या विहिरींच्या चुन्याच्या भिंतीत फुकट उगवतं.

भारतात २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने जवळपास त्याच नावाची योजना काढली, एसबीआयआरआय. २०१२ मध्ये बायरॅक आलं. त्याच्या 'बिग' योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पैसे देणारं दार आपण बांधलं. पण तिसऱ्या टप्प्यातलं गिऱ्हाईक?

तेलाच्या बाबतीत ते होतं. टेरी संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' बनवलं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर तेच वापरलं. टेरी काही छोटा उद्योग नव्हे, हे मान्य. पण ते टिकलं, कारण तेलकट गाळाची विल्हेवाट लावणं तेल कंपन्यांना कायद्याने भाग आहे. ओएनजीसी तर त्यात भागीदारच झाली.

विहिरींच्या बाबतीत असं कुणाच्या गळ्यात काही नव्हतं. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यायचा, आणि संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने किंवा स्थानिक संस्थेने करायची. सुपरफंडनंतर पंचेचाळीस वर्षांनी. मी एका कार्यालयात यादीबद्दल विचारलं. साहेबांनी माझ्याकडूनच नियमांची प्रत मागून घेतली.

पोराला विहीर मिळाली, परवा. माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत, त्यांनी तीन वर्षांपासून त्या पाण्यावर काही पेरलेलं नाही. म्हणाले, "लाव बाबा तुझा ड्रम. पण पेपरात गावाचं नाव टाकू नका."

म्हणून टाकलेलं नाही.