मॅक्रो चालवूनही टेबलची बॉर्डर अर्धवट का येते? अशी करा दुरुस्त

समजा, तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत एका कारखान्याची डिस्पॅच यादी सांभाळता. एक्सेलमध्ये मॅक्रो रेकॉर्ड केलाय, बटण दाबलं की बॉर्डर लागते. पण आज यादी २० ऐवजी २६व्या ओळीपर्यंत गेली आणि प्रिंटमध्ये शेवटच्या ६ ओळी चौकटीबाहेर राहिल्या. गाडी भरणाऱ्याला वाटलं, चौकट संपली म्हणजे यादी संपली. तेवढा माल मागेच राहिला!

असं का होतं?

रेकॉर्डर तुम्ही सिलेक्ट केलेला पत्ता, उदा. ए१ ते ई२०, तसाच लिहून ठेवतो. यादी वाढली तरी बॉर्डर तिथेच थांबते. कमी झाली तर जुनी रिकामी चौकट उरते. स्क्रीनवर हे पटकन कळत नाही, कारण फिकट ग्रिडलाइन्स दिसत असतात. त्या सहसा प्रिंट होत नाहीत.

दुरुस्ती कशी कराल?

आधी फाईलची कॉपी ठेवा, कारण मॅक्रोने केलेला बदल अनडू होत नाही. मग मॅक्रोत हा क्रम ठेवा (कोडमधली नावं इंग्रजीतच टाइप करायची):

१. टेबलच्या सगळ्या कॉलमच्या जुन्या बॉर्डर काढा: लाइनस्टाइल 'एक्सएल-नन'.

२. शेवटची ओळ मॅक्रोलाच शोधू द्या. अनुक्रमांकासारखा कधीच रिकामा न राहणारा कॉलम निवडा आणि शीटच्या तळापासून 'एंड, एक्सएल-अप'ने वर या.

३. पूर्ण रेंजला एकदमच बारीक रेघ द्या: 'एक्सएल-कंटिन्युअस'.

४. बाहेरची जाड चौकट 'बॉर्डर-अराउंड'ने सगळ्यात शेवटी. आधी दिली, तर बारीक रेघ तिची जागा घेते.

गूगल शीट्स वापरता?

तिथे 'सेट-बॉर्डर'ला सहा बाजू सांगाव्या लागतात: वर, डावी, खाली, उजवी, आतली उभी, आतली आडवी. 'ट्रू' रेघ लावतो, 'फॉल्स' असलेली रेघ काढतो आणि 'नल' आहे तसं ठेवतो. 'नल'च्या जागी 'फॉल्स' लिहिलं, की रेघा गायब!

मोबाईलवाल्यांनो, लक्षात ठेवा

एक्सेलच्या मोबाईल ॲपमध्ये असे मॅक्रो चालत नाहीत. फोनवरून ओळी वाढवल्या असतील, तर कॉम्प्युटरवर मॅक्रो पुन्हा चालवा, प्रिंट प्रिव्ह्यूत शेवटची ओळ बघा आणि मगच प्रिंट द्या.