क्रूझ जहाजांचे धक्क्यावरील अपघात

बंदरात लागताना किंवा सुटताना पर्यटक जहाज धक्क्यावर आदळून होणारे अपघात. जहाज त्या वेळी संथ असले, तरी त्याचे प्रचंड वस्तुमानच घातक ठरते. दहा-पंधरा मजली उंच बाजू शिडासारखी वारा धरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. धक्क्याला लावलेली रबरी फेंडरे ठरावीक मर्यादेपर्यंतच आघात सोसतात. पुढे खांब वाकतात, जोडपूल कोसळतात आणि प्रवाशांच्या चढउताराची वाटच तुटते. ३ जून २०१६ रोजी अलास्कातील केचिकन बंदरात जोरदार वाऱ्यात ‘सेलिब्रिटी इन्फिनिटी’ धक्क्यावर आदळले. जहाजाचे नुकसान किरकोळ होते, धक्क्याचे मात्र फार मोठे. अशा छोट्या गावाचा हंगाम या धक्क्यांवरच चालतो, हे विसरता येत नाही.

२ जून २०१९ रोजी व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यात सुमारे २७५ मीटर लांबीचे ‘एमएससी ऑपेरा’ सान बासिलियोच्या धक्क्यावर व तेथे बांधलेल्या पर्यटक नौकेवर धडकले. काठावरचे लोक जिवाच्या आकांताने पळाले. काही जण जखमी झाले. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने २५,००० हून अधिक सकल टनभाराच्या जहाजांना या कालव्यात बंदी केली.