खानावळीची वही

1981च्या शिरगणतीला आलेल्या मास्तरांनी करी रोडच्या आमच्या खोलीत आजोबांना विचारलं, "बाई काय करतात?"

"काय न्हाय, घरीच असती."

आजी तेव्हा पंचवीस मेंबरांच्या भाकऱ्या थापत होती. हा किस्सा ती सांगायची, तोही आजोबांच्या देखत.

मेंबर म्हणजे खानावळीत जेवणारे गिरणी कामगार. बायकापोरं गावाकडं, इथं एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं आणि दोन वेळचं आजीकडं गिळायचं. गिरणीच्या पाळ्या तीन, त्यामुळं आमचा स्टोव्ह गार व्हायचाच नाही. पैसे पगाराच्या दिवशी, तोवर वहीत.

आजोबा साचेखात्यात होते. त्यांचे वडील साताऱ्याकडं गावचे सुतार. वर्षभर कुणब्यांचे नांगर-कुळव नीट करायचे आणि सुगीत खळ्यावरून बलुतं आणायचे. त्यातून सुटून आलेल्या आजोबांच्या लेखी काम म्हणजे भोंगा, हजेरी, पगार, फंड. रांधून वाढणं त्यात कुठं बसणार? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'सेवा' म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख कामगार. मेंबर एकेक करून गावाला गेले, उधारी वहीतच राहिली. प्रेमा पुरव यांनी 1975 साली खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. त्यांच्यामुळं आजीला बँकेचं कर्ज मिळालं, सावकाराचं तोंड बघावं लागलं नाही. मग तिनं फोर्टातल्या ऑफिसांत डबे धाडायला सुरुवात केली. नव्या मेंबरांच्या केसांत कापूस नसायचा, आणि भाकरीऐवजी चपाती लागायची. संपाच्या काळात घर चाललं ते या डब्यांवर.

काका गिरणीत बदली कामगार होता. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, चिमणी तेवढी राहिली. कमला मिलमध्ये ऑफिसं आली. अशाच एका आवाराच्या फाटकावर काका कंत्राटदाराचा रखवालदार झाला. गिरणीत आठ तास भरायचे, इथं बारा. फंडाचं नाव काढलं की कंत्राटदार बदलायचा.

संपानंतर दहाएक वर्षांनी माणहून एक जुना मेंबर आला, खांद्यावर शाळूचं पोतं. तीन महिन्यांचं जेवण राहिलं होतं त्याचं. आजीनं वही काढून त्याच्या नावावर काट मारली. आजोबांनी मूठभर शाळू तळहातावर घेतला, फुंकर मारली.

"बाईचं बलुतं आलं," म्हणाले.